पान मांडणारी बुधीआय

बुधीआय गेल्याचं मला जव्हारच्या एसटी स्टँडवर कळलं. मोखाड्याच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात माझा जुना विद्यार्थी संतोष समोर आला. तो आता सरकारी कचेरीत कारकून आहे. चौथीत असताना पाढे म्हणायची वेळ आली की हमखास त्याच्या पोटात दुखायचं. त्याने वाकून नमस्कार केला, बायकोची ओळख करून दिली आणि मग म्हणाला, "बाई, बुधीआय गेली. दुपारची जेवली, ओटीवर आडवी झाली, ती उठलीच नाय."

  तो जरा वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दिवसाला या. आणि तुमच्याकडं ती काय आवडीनं खायची, ता येताना घेऊन या."

आमच्या सिन्नरकडे कोणाच्या दहाव्याला जायचं म्हणजे माणूस तोंड पाडून आणि हात हलवत जातो. असं आमंत्रण मी फक्त साखरशेतच्या वरच्या पाड्यावर ऐकलं. मला लगेच आठवलं, ती माझ्याकडे ग्लुकोजचं बिस्कीट खायची. चहात बुडवून इतका वेळ धरायची की ते तुटून तळाला जायचं. मग कपात वाकून बघत "पळाला" म्हणायची आणि दुसरं मागायची. मला शंका आहे की पहिलं ती मुद्दाम पळवायची. म्हातारी लबाड होती. असली माणसं लबाडच असावीत, नाहीतर जगाचं काही खरं नाही.

साखरशेतला माझी बदली झाली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. शाळेजवळ राहायला जागा नव्हती. बुधीआयने ओटीला लागून असलेली खोली दिली. घरात ती एकटीच. नवरा फार पूर्वी गेलेला, लेक लग्न होऊन डहाणूकडे. बुटकी बाई, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आणि तोंडात सदैव मिसरी. तिच्याकडे कोंबड्या होत्या आणि त्या कोंबड्यांशी तिचं अखंड भांडण चालायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, शेजारीण फार कजाग आहे वाटतं, हिला इतकं बोलावं लागतं. नंतर कळलं की शेजारी कोणी राहतच नाही.

पान मांडणं ही तिची कामगिरी. माणूस गेला की त्याच्या दिवसाला पहिलं पान त्याचं, ही रीत सगळीकडेच आहे. पण आमच्याकडे त्या पानावर सगळ्यांसाठी जे रांधलं तेच वाढतात. पाड्यावर तसं चालत नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ अंगणात मांडायची आणि तिच्यावर फक्त त्या माणसाला आवडायचं तेवढंच ठेवायचं. ठेवताना प्रत्येक वस्तूबरोबर त्याची एक गोष्ट सांगायची. सगळा पाडा भोवती बसून ऐकतो. हे काम पाड्यातल्या एका जाणत्या बाईकडे असतं. बुधीआयच्या आधी ते तिच्या सासूकडे होतं.

मी तिला एकदा म्हटलं होतं, की माणसाने आयुष्यात काय काय केलं ते सांगायचं सोडून तुम्ही खाण्याचंच काय घेऊन बसता. ती सुपात नागली पाखडत होती. न थांबता म्हणाली, "काय केला ता गाव सांगतो, बाई. त्याला काय आवडं, ता सांगाला जवळचा माणूस लागतो."

मी पाहिलेलं पहिलं पान रामजी डोसाचं. डोसा म्हणजे म्हातारा. बुधीआयने पानावर नागलीची एक भाकरी ठेवली, ती एका बाजूने चांगली काळी झालेली. रामजीची सून मागे बसली होती, तिचं तोंड उतरलं. बुधीआय तिच्याकडे बघूनच म्हणाली, "सून म्हणंल मी चांगली भाकर करती. करते ना, लोण्यावानी करते. पण रामजीची बायको जलमभर करपेल भाकर वाढं, आन रामजी जलमभर तिला शिव्या देय. ती मेली, चांगली भाकर आली. तवापासून रामजी म्हणं, भाकरीला चव नाय." लोक हसले. मग तिने लुगड्याच्या गाठीतून अर्धी बिडी काढून भाकरीशेजारी ठेवली. रामजीने म्हणे उभ्या आयुष्यात अख्खी बिडी एका बैठकीत ओढली नव्हती, अर्धी कायम कानावर. "उरलेली उद्याला, म्हणं. घे रामजी, ही उद्याची." रामजीचा मोठा मुलगा, चांगला दांडगा गडी, तोंडावर टॉवेल घेऊन रडायला लागला. मी त्या म्हाताऱ्याला दोनदाच पाहिलं होतं. पण घरी जाताना माझंही कोणी गेल्यासारखं मला वाटत होतं.

तिला हे सगळं ठाऊक कसं, तर ती बघायची. लग्नात, बारशात, भात लावणीच्या बांधावर, कुठेही माणसं जेवायला बसली की बुधीआयचे डोळे पानांवर. कोण काय आधी संपवतो, कोण काय कडेला सारतो, कोण शेवटच्या घासासाठी काय राखून ठेवतो. विचारायची कधीच नाही. "इचारला का माणूस भलताच सांगतो, बरा दिसावा म्हणून. जेवताना माणूस लबाडी करत नाय," असं ती ठासून सांगायची. तिच्यासमोर जेवायची मला काही दिवस चोरी झाली होती. वांग्याची भाजी मला आवडत नाही हे मी घरच्या कोणाला कळू दिलं नव्हतं, ते हिने आठवड्यात ओळखलं.

पानावर खोटं ठेवायचं नाही, हा तिचा नेम. भिवाजीच्या पानाची गोष्ट अजून पाड्यावर सांगतात. भिवाजीने उतारवयात माळ घातली होती. मुलगा दत्तू जव्हारला नोकरीला, चार लोकांत ऊठबस. त्याने वडिलांच्या दिवसाला जव्हारहून एक बुवा आणले, सतरंजी अंथरली, उदबत्त्या लावल्या. बुधीआयने पानावर गूळ ठेवला, कैरी ठेवली, त्यांच्या गोष्टी सांगितल्या. बुवांनी मान डोलावली. आणि मग तिने पदराखालून भाजलेला सुका बोंबील काढून ठेवला.

दत्तू ताडकन उठला. "आय, बाबांच्या गळ्यात माळ होती."

"व्हती ना. माझे दाराचे खुंटीला काढून ठेवं, मग बोंबील खाय. हात धुवून, चूळ भरून परत घाली. माळेला कवा वास लागू दिला नाय. लय देवभोळा माणूस."

"ते काढ आधी."

"झाकते," ती म्हणाली, "पण काढणार नाय." तिने पळसाचं एक पान घेऊन बोंबलावर पालथं घातलं. "देवाला दिसणार नाय. भिवाजी हुडकून खाईल."

सगळ्यात आधी हसले ते बुवा. त्यांना ठसकाच लागला, पाणी द्यावं लागलं. दत्तू मात्र वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पुढे एकदा जव्हारच्या बाजारात भेटला तेव्हा आपणहून म्हणाला, "बाई, बाबांचा चेहरा आठवायला गेलो ना, की मला ती खुंटीच दिसते. आणि मग बरं वाटतं."

तर अशी ही बाई. तिचं पान कधी चुकलं नव्हतं. एकदाच चुकलं, आणि मला जी बुधीआय आठवते ती त्या चुकीनंतरची.

देवकी वांगणीची पोर, पाड्यावरच्या पारूबाईच्या मुलाला, काशिनाथला दिलेली. वांगणी म्हणजे आडबाजूचं गाव, तिथे जाणारा रस्ता पावसाळ्यात असून नसल्यासारखा. तिचे आईबाप दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. देवकी हसरी होती. माझ्या शाळेवरून पाण्याला जायची आणि डोक्यावर हंडा असतानाही खिडकीतून पोरांना वाकुल्या दाखवायची. मी रागवायचं सोंग करायचे. लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नसतील, थंडीत तिला ताप आला. तीन-चार दिवस घरचे उपाय झाले, मग डोलीत घालून जव्हारला नेलं, पण उपयोग झाला नाही. आईबाप कुठल्या भट्टीवर आहेत ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. निरोप पाठवला, तो फिरत राहिला, आणि पोहोचला तेव्हा दिवस होऊन गेला होता.

तिचं पान मांडताना पहिल्यांदाच मी बुधीआयला अडखळताना पाहिलं. नवी सून लग्नाबारशात पंगतीला बसत नाही, वाढत असते. बघायला मिळणार कशी? तिने पारूबाईला विचारलं. पारूबाई रडत होती, सून तिला आवडायची. ती म्हणाली, "खरवड. रोज खाय. आवडीनं खाय." खरवड म्हणजे टोपाच्या तळाला लागलेला भात, करपलेला, पापुद्र्यासारखा. बुधीआयने मान हलवली. तिनेही ते पाहिलं होतं. मागच्या दारी पायरीवर बसून, टोप मांडीत घेऊन, पळीने खरवडून खाणारी देवकी आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. बुधीआयने खरवड पानावर ठेवली आणि म्हणाली, "टोप असा वाजवं ना ही, का माझे घरात ऐकू येय. मी बघली का हसं. टोप पुढं करं, म्हणं, ये आय, खा." बायका हमसून रडल्या. मीही. सगळ्यांना वाटलं, पान अगदी तिचंच झालं.

वैशाखाच्या अखेरीला एका दुपारी देवकीची आई आली. जमनी तिचं नाव. भट्टीवरून उतरून घरी न जाता तशीच आली होती, केसांत विटांची लाल धूळ होती. व्याह्यांच्या घरी न जाता ती सरळ बुधीआयच्या ओटीवर येऊन बसली. मी तांदूळ निवडत होते. बुधीआयने पाणी दिलं. ते हातात धरून जमनी म्हणाली, "माझे पोरीला पानात काय वाढला?"

"खरवड," बुधीआय म्हणाली. "टोपाची."

जमनी तिच्याकडे बघत राहिली. "खरवड? ती त हात लावत नसं."

"आवडीनं खाय, ना. मी बघली."

"नाय गो आय." जमनी रडत नव्हती, अगदी समजावून सांगितल्यासारखी बोलत होती. "तिला पहिली वाफ आवडं. मी टोपाचा झाकण काढला का ही येऊन बसलीच. पहिला भात तिला पायजे, वाफ निघती तवर. वर मीठ. डाळ नको, काय नको. मी मारायची तिला. बापूस उपाशी हाय, पहिला त्याला वाढू दे, म्हणायची. ती ऐकं नाय. मग बापूसच म्हणं, दे तिला." मग तिने तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि विचारलं, "अठं कोण देत नसंल पहिला भात, ना?"

 उत्तर आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. सून शेवटी जेवते. शेवटी टोपात उरतं ते ती खाते. त्यात पारूबाईचा दुष्टपणा काही नव्हता, तीही सून म्हणून आली तेव्हा तेच खात होती. पाड्यावर तसंच होतं, माझ्या माहेरीही तसंच होतं.

जमनी गेल्यावर बुधीआय खांबाला टेकून बसली. कोंबड्या तुळईवर चढायची वेळ झाली तरी तिने त्यांना हाक मारली नाही. मी दिवा लावला तेव्हा म्हणाली, "माझे समोर हसं ती, बाई. टोप पुढं करं." आणि थोड्या वेळाने, "जेवताना पण माणूस लबाडी करतो. सासरची अब्रू राखाला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पारूबाईकडे गेली. मलाही बरोबर नेलं, का ते माहीत नाही. ती आत जाऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "पारू, देवकीचा पान चुकला. परत मांडावा लागंल."

पारूबाईला आधी कळेचना. माणसाला एकच पान, दुसरं कोणी कधी ऐकलेलं नाही. मग बुधीआयने जमनीचं बोलणं सांगितलं. ते ऐकताना पारूबाईचा चेहरा बदलत गेला. ती म्हणाली, "परत पान मांडून गावाला काय सांगशील? पारूनं सुनेला करपेल भात खावाला घातला, असा?"

"मी चुकली असा सांगन. नीट बघली नाय."

"ऐकणारे काय येडे हायत? मी तिला पोरीवानी ठेवली व्हती. लुगडी घेतली. तापात उशापायथ्याला बसली मी. आता मरेल पोरीचे नावानं मला गावात उभी करतंस?" पारूबाईने फुंकणी चुलीपुढे आपटली. "अजाबात नाय. माझे अंगणात परत पान मांडाचा नाय."

बुधीआय उठली. वाटेत एकच वाक्य बोलली, "तिचा पण खरा हाय."

मला वाटलं, विषय संपला. पण पंधरवड्यात पाड्यावरचा नवसू वारला आणि त्याची मुलं बुधीआयला बोलवायला आली, तेव्हा ती म्हणाली, "मी नाय येत. माझा एक पान चुकलाय. तो सुधरल्याबिगर दुसरा कसा मांडू?" मुलांनी विनवलं, जाणत्या माणसांनी समजावलं. ती हलली नाही. शेवटी नवसूच्या बहिणीने पान मांडलं आणि गोष्टी सांगता सांगता दोन भावांची गल्लत केली. लोक मनातून पारूबाईवर चिडले. दोघे-तिघे तर तिला सांगायला निघाले होते, की तुझ्या हट्टापायी आमची माणसं पानाविना चाललीत. बुधीआय काठी घेऊन त्यांना वाटेत आडवी गेली. "तिला दाबाचा नाय. त्या पोरीनं दोन वरीस दबूनच भात खाल्ला. आता परत तसलाच वाढू?" माणसं मागे फिरली. बुधीआयचं असं रूप मी कधी पाहिलं नव्हतं. मला ती त्या दिवशी फार मोठी वाटली, आणि मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "काठी बघून पळाली ती. मला बघून नाय."

पारूबाई स्वतःच आली. पाऊस अजून धरायचा होता, उकडत होतं. ती ओटीच्या खालीच उभी राहिली, वर येईना. मी आत जायला लागले तर म्हणाली, "बस बाई, तूही आयक."

मग ती बुधीआयला म्हणाली, "कालपासना भात खाववत नाय. मी झाकण काढला का ती यायची, आय. रोज यायची. चुलीजवळ येऊन उभी राहं. मला वाटं, कामाला आली. मी म्हणायची, उभी काय, जा पाणी आन." तिने पदर तोंडाशी धरला. "ती जाय पाण्याला. परत येय तवर सगळी जेवेल असायची. मला दिसली ना ती, रोज दिसली. मी बघली नाय."

बुधीआय ओटीवरून उतरली. तिने पारूबाईचा हात धरून तिला वर आणलं, बसवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. 

दुसरं पान पारूबाईच्याच अंगणात मांडलं. वांगणीहून जमनी आणि तिचा नवरा आले. सगळा पाडा जमला होता. काहींना आधीची गोष्ट कळली होती, काही नुसत्या कुतूहलाने आले होते. अंगणातच तीन दगडांची चूल मांडून पारूबाईने भात चढवला.  बुधीआय पानापाशी बसली आणि म्हणाली, "ह्या पोरीचा पान मी चुकवला. तिला खरवड आवडं, असा मी बोलली. तिला खरवड आवडत नसं. ती खाय, कारण तिचे वाट्याला तीच येय. आपले सगळ्यांचे घरात सुनेला तीच येते. मला पण येय. मी बघली, पण इचारला नाय." इतकंच. पारूचं नाव तिने घेतलं नाही. अंगणातल्या एकाही बाईने मान वर केली नाही, आणि पुरुषांनीही नाही. काशिनाथ मागे कुडाला टेकून उभा होता. तो पुढे येऊन आईच्या चुलीपाशी बसला.

मग पारूबाईने झाकण काढलं. वाफेचा लोट आला. तिने पहिली पळी भरली, धावतच पानापाशी आली, वाफ जायच्या आत भात वाढला आणि त्यावर चिमूटभर मीठ घातलं. डाळ नाही, काही नाही. जमनीचा नवरा, आतापर्यंत एक अक्षर न बोललेला माणूस, पानाकडे बघत म्हणाला, "खा, पोरी. मी जेवतो मागून." 

त्यानंतर बुधीआयचं बघणं सुटलं नाही, पण तिने विचारायला सुरुवात केली. पाड्यावर नवी सून आली की हिची स्वारी काठी टेकत त्या दारात हजर. सासवा वैतागायच्या. "आली डोसी, सुनांना लाडावाला," म्हणायच्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, की मेलेल्यांचं बघतेस ते बघ, जित्यांच्या चुलीत नाक खुपसू नको. बुधीआय शांतपणे म्हणाली, "मेल्यावर इचारून काय करू? ती सांगंल का?" असं नाही की पाड्यावरच्या सगळ्या सुना पहिल्या पंगतीला बसायला लागल्या. तसं काही झालं नाही. पण बऱ्याच घरांत निदान एवढं झालं, की सून कुठली भाजी मिटक्या मारत खाते ते सासूला ठाऊक असायचं.

पुढे माझी मोखाड्याला बदली झाली. येणंजाणं कमी झालं, पण सुटलं नाही. दिवसाला मी बिस्किटांचा पुडा घेऊन जाणारच आहे. एक चहात पळवून मगच पानावर ठेवायला सांगेन. पण मला ती दिसते ती शेवटच्या भेटीतली. काशिनाथने फार वर्षांनी दुसरं लग्न केलं, त्या लग्नानंतर दोन-चार दिवसांनी मी साखरशेतला गेले होते. बुधीआय घरी नव्हती. कुठे असणार ते मला ठाऊक होतं. पारूबाईच्या दारात ती उंबऱ्यावर बसली होती. डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं, नव्या सुनेचा हात तिने हातात घट्ट धरून ठेवला होता. पोर अगदी कोवळी, लाजून अर्धी झालेली.

"काय आवडतं गो तुला खावाला?" बुधीआय विचारत होती.

"काय पण चालतं," पोर म्हणाली.

"काय पण कोणाला आवडत नाय. सांग. मला घाई नाय, मी बसली हाय."

मला घाई होती, जव्हारची गाडी चुकली असती. मी अंगणातूनच निरोप घेतला. तिने आवाजावरून ओळखलं, मोकळा हात वर केला, पण तोंड पोरीकडेच ठेवलं. मी वळले आणि कुंपणापर्यंत आले असेन, तेव्हा पोर हळूच काहीतरी बोलली.

"मोठ्यानं सांग," बुधीआय म्हणाली. "तुझे सासूला ऐकू जाव दे."

"खुरासणीची चटणी," पोर म्हणाली.

आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला, आणि पारूबाईने आतूनच विचारलं, "लसूण घालून, का बिनलसणाची?"